हरणाऱ्याच्या पैशातला वाटा

जून २००६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ऑनलाइन जुगाराविरुद्ध एक कडक कायदा लागू झाला. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड, इतकी त्यात शिक्षा होती. या कायद्याचा पहिला धसका घेतला तो कॅनडाच्या सीमेजवळच्या बेलिंगहॅम गावातल्या एका माणसाने. त्याचा स्वतःचा कॅसिनो नव्हता. तो ऑनलाइन कॅसिनोंची परीक्षणं लिहायचा. कोणता कॅसिनो जिंकलेले पैसे वेळेवर देतो, कोणता बुडवतो, हे सांगायचा आणि खाली त्या कॅसिनोची लिंक द्यायचा. त्याच्या वेबसाइटवर एका पैशाचाही जुगार खेळला जात नव्हता. तरी राज्याच्या जुगार आयोगाची भूमिका अशी होती की जुगार कुठे खेळायचा, कसा खेळायचा हे सांगणं आणि तिथवर नेणारी लिंक देणं म्हणजे गुन्ह्याला हातभार लावणं. सिएटलच्या एका वृत्तपत्रात ही हकिकत छापून आली तोवर त्याने वेबसाइट बंद केली होती.

एखाद्या विषयावर लिहिणं हाच गुन्हा कसा, हा तेव्हा उठलेला प्रश्न रास्त होता. पण हे प्रकरण वाचताना मला त्याच्या आधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. अशा परीक्षणांचे पैसे कोण देतं आणि नेमके कशाबद्दल देतं? गेल्या वीस वर्षांत अनेक देशांनी या धंद्यावर कायदे केले, तरी या प्रश्नाला थेट हात घालणारे कायदे थोडेच आहेत. बाकीच्या कायद्यांनी या मंडळींना एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत हलवण्याचं काम तेवढं केलं.

या मंडळींना धंद्यात अ‍ॅफिलिएट म्हणतात. अ‍ॅफिलिएट हा कॅसिनोचा किंवा सट्टा कंपनीचा कमिशन एजंट असतो. कंपनी त्याला एक खास लिंक देते आणि त्या लिंकच्या शेवटी अक्षरं-आकड्यांचा एक कोड जोडलेला असतो. वाचकाने ती लिंक दाबली की त्याच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटीशी नोंद बसते. त्याने त्याच दिवशी किंवा काही आठवड्यांनी खातं उघडून पैसे भरले, तरी हे गिऱ्हाईक कोणी आणलं हे कंपनीच्या हिशेबात आपोआप लिहिलं जातं. मोबदल्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिलीत पैसे भरणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे एकदाच ठोक रक्कम मिळते. दुसरीत त्या खेळाडूकडून कंपनीला जो निव्वळ महसूल मिळतो त्यातला ठरलेला हिस्सा मिळतो, बहुधा पंचवीस ते चाळीस टक्के. अनेक करारांत हा हिस्सा तो खेळाडू खेळत असेपर्यंत चालू राहतो.

‘निव्वळ महसूल’ हे हिशेबातलं सोज्वळ नाव आहे. खेळाडू जे हरला आणि पुन्हा जिंकू शकला नाही, तोच कंपनीचा निव्वळ महसूल. समजा तीस टक्क्यांचा करार आहे आणि तुमच्या लिंकवरून गेलेला माणूस वर्षभरात एक लाख रुपये हरला. कर आणि इतर वजावट सोडली तर तीस हजार तुमचे. तो माणूस जिंकला तर तुम्हाला काहीच नाही. काही करारांत तर त्याच्या जिंकण्याची उणे रक्कम पुढच्या महिन्याच्या तुमच्या कमाईतून कापली जाते. मुंबईच्या मटक्यात आकडा लिहून घेणारा रायटर जमलेल्या पैशावर कमिशन घ्यायचा. गिऱ्हाइकाचा आकडा लागला काय आणि फसला काय, त्याचं कमिशन ठरलेलं असायचं. ऑनलाइन अ‍ॅफिलिएटला मात्र आपलं गिऱ्हाईक हरायलाच हवं असतं, आणि हरूनही त्याने पुन्हा पुन्हा परत यायला हवं असतं. ‘आजची पक्की टिप’ देणारा अनेकदा टिप फसल्यावरच कमावतो. त्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवून पैसे लावणाऱ्या कॉलेजच्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

आता कायद्यांकडे वळू. सुरुवात अमेरिकेपासूनच करावी लागते, कारण पुढे जगभर वापरल्या गेलेल्या जवळजवळ सगळ्या युक्त्या तिथे आधी घडल्या. जून २००३ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने प्रसारण कंपन्यांच्या राष्ट्रीय संघटनेला पत्र लिहून बजावलं की परदेशी ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती दाखवणं हे गुन्ह्याला साहाय्य ठरू शकतं. त्याच वर्षी ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता स्पर्धेतून थेट पोकरच्या जागतिक मालिकेत पोचला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकला. टीव्हीवर पोकरची लाट आली असताना जाहिरात बंद ठेवणं कंपन्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी वाट काढली. ‘डॉट कॉम’वर पैशाचा खेळ चालायचा, म्हणून त्याच नावाची ‘डॉट नेट’ वेबसाइट उभी केली. तिथे फुकटचा खेळ आणि शिकवणी, आणि टीव्हीवर जाहिरात फक्त डॉट नेटची. सोबत पट्टी चाले की ही जुगाराची वेबसाइट नाही. प्रेक्षक घरी जाऊन काय टाइप करणार, हे जाहिरात देणाऱ्याला माहीत होतं आणि दाखवणाऱ्यालाही. एप्रिल २००४ मध्ये गुगल आणि याहूने जुगाराच्या जाहिराती थांबवल्या. पुढे डिसेंबर २००७ मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी जुन्या जाहिरातींबद्दल मिळून तीन कोटी पंधरा लाख डॉलर भरून न्याय खात्याशी तडजोड केली.

शोधयंत्रांवर पैसे देऊन जाहिरात करण्याची सोय गेली आणि त्याचा सर्वात मोठा फायदा झाला अ‍ॅफिलिएटना. जाहिरात विकत घेता येत नसेल, तर शोधाच्या निकालात नैसर्गिकपणे वर येणाऱ्या वेबसाइटला सोन्याचा भाव येतो. अशा वेबसाइट अ‍ॅफिलिएटकडे होत्या. जाहिरातबंदीने हा मधला माणूस कमजोर होण्याऐवजी मजबूत झाला, आणि पुढे ही गोष्ट अनेक देशांत घडली.

२००६ च्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकी संसदेने बंदरांच्या सुरक्षेच्या एका विधेयकाला ऑनलाइन जुगाराच्या पैशांवर बंदी घालणारा भाग शेवटच्या क्षणी जोडला. बंदर सुरक्षेला विरोध कोण करणार? प्रतिनिधिगृहात विधेयक ४०९ विरुद्ध २ मतांनी संमत झालं आणि १३ ऑक्टोबरला अध्यक्ष बुश यांची सही झाली. कायद्याचा रोख पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्यांवर आणि पैसे पोचवणाऱ्या बँकांवर होता. लिंक देणाऱ्यांचा त्यात थेट विचार नव्हता. लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या पार्टीगेमिंग या ऑनलाइन पोकर कंपनीने अमेरिकी खेळाडू सोडून देण्याचं जाहीर केलं आणि २ ऑक्टोबरला एका दिवसात तिचा शेअर अर्ध्याहून अधिक घसरला. जे अ‍ॅफिलिएट तिच्या अमेरिकी खेळाडूंच्या हिश्श्यावर जगत होते, त्यांची दरमहा येणारी रक्कम आटली.

त्यांनी काय केलं? खेळाडूंचे ईमेल पत्ते आणि वाचकांची सवय त्यांच्याकडे शाबूत होती. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या कंपन्या अमेरिकेत थांबल्या होत्या. परीक्षणांची क्रमवारी बदलली, लिंक बदलल्या आणि तेच खेळाडू नव्या दारातून आत गेले. कायदा पाळून शेअर बाजारात हिशेब देणारी कंपनी बाहेर पडली, आणि धोका पत्करायला तयार असणाऱ्या कंपन्यांकडे सगळी गर्दी वळली. ही गर्दी वळवण्याचं काम अ‍ॅफिलिएटनी केलं. एखाद्या बंदीचा परिणाम मोजायचा असेल तर किती कंपन्या गेल्या हे मोजून भागत नाही, गिऱ्हाईक कुणी कुठे वळवलं हे पाहावं लागतं.

१५ एप्रिल २०११ या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या सरकारी वकिलांनी या तीन मोठ्या पोकर कंपन्यांच्या संस्थापकांसह अकरा जणांविरुद्ध आरोपपत्र उघड केलं. बँकांना पत्ता लागू नये म्हणून दागिने किंवा गोल्फचे चेंडू विकणारी खोटी ऑनलाइन दुकानं उभी करून पैसे फिरवले, असा त्यात आरोप होता. वेबसाइटची नावं जप्त झाली. पोकरस्टार्सने अमेरिकी खेळाडूंचे पैसे लवकर परत केले. फुल टिल्टच्या बाबतीत सप्टेंबरमध्ये सरकारने सांगितलं की ३१ मार्च २०११ रोजी कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि तिच्या बँकेत होते जेमतेम सहा कोटी. ज्या वेबसाइट वर्षानुवर्षं ‘पैसे सुरक्षित’ म्हणून तिची शिफारस करत आल्या होत्या, त्या यातलं काहीच देणं लागत नव्हत्या. शिफारस चुकली तर जबाबदारी नाही आणि गिऱ्हाईक हरलं तर वाटा ठरलेला, अशी ही व्यवस्था होती.

दोन वर्षांनी न्यू जर्सीने ऑनलाइन जुगाराला परवाने दिले आणि २०१३ च्या नोव्हेंबरात तिथला खेळ सुरू झाला. या राज्याच्या नियामकाने एक शहाणपणाची गोष्ट केली. ठोक रक्कम घेणारा अ‍ॅफिलिएट हा साधा विक्रेता मानला आणि त्याला नोंदणी पुरे ठरवली. महसुलात वाटा घेणारा मात्र जुगाराच्या नफ्याचा भागीदार ठरला, म्हणून त्याला कडक चौकशीतून जाऊन परवाना घ्यावा लागला. २०१५ मध्ये याच खात्याने काही अ‍ॅफिलिएटना पत्रं पाठवली. परवानाधारक कंपन्यांच्या शेजारी बेकायदा परदेशी कंपन्यांच्या जाहिराती ठेवू नका, एक बाजू निवडा, असा त्यांचा आशय होता. अनेकांनी परदेशी लिंक काढल्या. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरची केंद्रीय बंदी रद्द केली आणि एकेक राज्य खुलं होऊ लागलं, तेव्हा स्वच्छ कागदपत्रं असणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. डेन्मार्कच्या बेटर कलेक्टिव्ह या अ‍ॅफिलिएट कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेतलं अ‍ॅक्शन नेटवर्क हे क्रीडा सट्ट्याचं माध्यम चोवीस कोटी डॉलरना घेतलं. एका खोलीत बसून परीक्षणं लिहिणाऱ्यांचा हा धंदा आता शेअर बाजारात पोचला आहे. या कंपन्या स्वतःला क्रीडा माध्यम समूह म्हणवतात, आणि त्यांचा आशय खरोखर चांगला असतो. सामन्याचं बारकाईचं विश्लेषण करणारा लेख वाचताना त्याच्या शेवटी असलेली सट्ट्याची लिंक वाचकाला खटकत नाही.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे, जाहिरातही. २०१७ मध्ये तिथे बातमीसारख्या दिसणाऱ्या काही जाहिराती फिरल्या. पत्नी कॅन्सरवर उपचार घेते आहे, घरावर कर्ज आहे, आणि एका माणसाने ऑनलाइन कॅसिनोत जिंकून ते सगळं फेडलं, अशी ती रचलेली गोष्ट. ती अ‍ॅफिलिएटने लिहिली होती. कंपन्यांनी हात वर केले, पण जाहिरात मानक प्राधिकरणाने लॅडब्रोक्स, स्काय व्हेगस, ८८८ आणि कासुमो यांनाच जबाबदार धरलं. त्याच सुमारास स्काय बेटिंगने आपली अ‍ॅफिलिएट योजनाच बंद करून टाकली. पुढच्या वर्षी लिओव्हेगासला सहा लाख पौंड दंड झाला, त्यात अ‍ॅफिलिएटच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचाही भाग होता. दुसऱ्याने लिहिलं म्हणून कंपनी सुटत नाही, हे तत्त्व पक्कं झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी छोट्या अ‍ॅफिलिएटना गाळायला सुरुवात केली. शंभर जणांवर लक्ष ठेवण्यापेक्षा पाच मोठ्या अ‍ॅफिलिएट कंपन्यांशी करार करणं सोपं. त्यातून बाजार स्वच्छ झाला, हे खरं. पण गाळलेले लोक कुठे गेले, याचं उत्तर फार विदारक आहे आणि तिथे मी थोडं थांबणार आहे.

ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची सोय आहे. जुगाराच्या व्यसनातून सुटू पाहणारा माणूस तिथे नाव नोंदवतो आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणत्याही परवानाधारक ऑनलाइन कंपनीने त्याला खेळू द्यायचं नसतं. ३१ मार्च २०२० पासून ते सगळ्या परवानाधारकांना बंधनकारक आहे. स्वीडनमध्ये १ जानेवारी २०१९ ला नव्या परवाना पद्धतीबरोबर स्पेलपाउस आलं, नेदरलँड्समध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये क्रुक्स आलं. आपल्याला आवर घालता येत नाही हे कबूल करून स्वतःच स्वतःला कुलूप लावणाऱ्या माणसांची ही यादी. त्या माणसाला त्या क्षणापर्यंत पोचायला काय काय सोसावं लागलं असेल, किती खोटं बोलावं लागलं असेल, घरातलं कुणी किती रडलं असेल, याची कल्पना करून पाहा.

आता अ‍ॅफिलिएटच्या बाजूने पाहा. परवानाधारक कंपन्यांनी त्याला गाळलं आहे. स्वीडनमध्ये कायद्याने प्रत्येक कंपनीला एकाच स्वागत-बोनसची मुभा ठेवली, त्यामुळे ‘सर्वोत्तम बोनस’ची यादी हे त्याचं जुनं भांडवलही संपलं. अशा वेळी त्याला दिसतं की लोक शोधयंत्रात काही नवे शब्द टाइप करतात: ‘गॅमस्टॉपमध्ये नसलेले कॅसिनो’, ‘क्रुक्सशिवाय कॅसिनो’, ‘स्वीडिश परवाना नसलेले कॅसिनो’. हे शब्द मध्यरात्री कोण शोधत असेल? ज्याने स्वतःला कुलूप लावलं आणि ज्याला आता राहवत नाही, तोच. कुराकाओसारख्या ठिकाणचा परवाना दाखवणारे, किंवा तोही नसलेले कॅसिनो अशा गिऱ्हाइकासाठी भरघोस वाटा देतात, कारण तो हमखास हरतो आणि हमखास परत येतो. या शब्दांवर नेमक्या याद्या बनवणाऱ्या शेकडो वेबसाइट उभ्या राहिल्या. त्यांची भाषा वाचली की अंगावर काटा येतो. स्वातंत्र्य, निवड, कटकट नाही, लगेच खातं. व्यसनाधीन माणसाच्या सर्वात दुबळ्या क्षणाची वाट पाहत उभा असलेला हा धंदा आहे, आणि तो सुरक्षेसाठी केलेल्या सोयीच्या नावावरच चालतो.

इटलीने सरसकट बंदीचा रस्ता धरला. २०१८ च्या ‘प्रतिष्ठा अध्यादेशा’ने जुगाराच्या सगळ्या जाहिराती आणि प्रायोजकत्वं बंद केली. दंड कराराच्या वीस टक्के, किमान पन्नास हजार युरो. एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या संचार नियामकाने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात एक खिडकी उघडी राहिली. भाव आणि सवलती यांची निव्वळ माहिती देणारी तुलना ही जाहिरात मानली जाणार नाही, असं ठरलं. अ‍ॅफिलिएटनी विशेषणं काढली, तक्ते ठेवले आणि ते तुलनाकार झाले. कंपन्यांनी क्रीडा बातम्यांच्या नावाने जोडब्रँड काढले. लिओव्हेगास न्यूज हा इंटर मिलानचा भागीदार झाला आणि पुढे २०२४ पासून त्या क्लबच्या जर्सीवर बेटसन स्पोर्ट हे नाव आलं. वीस वर्षांपूर्वीचं डॉट नेट आता ‘न्यूज’ आणि ‘स्पोर्ट’ ही नावं लावून आलं होतं.

तोच जोडब्रँड आपण भारतात पाहिला. क्रिकेटच्या मैदानाभोवतीच्या फलकांवर आणि ओटीटीवर सट्टा कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती ‘न्यूज’ किंवा ‘स्पोर्टिंग’ नावं झळकू लागली. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने १३ जून २०२२ ला पहिली सूचना काढली. ३ ऑक्टोबरला दुसरी निघाली, तिच्यात फेअरप्ले, पॅरिमॅच, बेटवे, वुल्फ ७७७ आणि वनएक्सबेट ही नावं घेऊन सांगितलं की बातम्यांच्या वेबसाइटआडून चाललेली ही छुपी जाहिरात आहे. मार्च २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सरनाही बजावलं गेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०२२ पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत सट्टा-जुगाराच्या चौदाशेहून अधिक वेबसाइट आणि अ‍ॅप रोखली गेली. पण एक पत्ता रोखला की एका अक्षराच्या फरकाने दुसरा येतो. नवा पत्ता गिऱ्हाइकाला कोण कळवतं? टेलिग्रामवरचा टिप देणारा. आयपीएलच्या दिवसांत अशा वाहिन्यांचे संदेश हिंदीत, मराठीत, तेलुगूत धो धो येतात आणि प्रत्येकाच्या तळाशी एक प्रोमो कोड असतो.

भारतातल्या एजंटाचं आणखी एक रूप महादेव अ‍ॅपच्या तपासात दिसलं. छत्तीसगडच्या भिलाईतून निघालेल्या आणि संयुक्त अरब अमिरातीतून चालवल्या जाणाऱ्या या जाळ्याबद्दल सक्तवसुली संचालनालयाचं म्हणणं असं की ‘पॅनेल’ नावाच्या शाखा ओळखीच्या लोकांना ७०-३० नफ्याच्या वाटणीवर दिल्या जात होत्या. जाहिरातीत फक्त व्हॉट्सअ‍ॅप नंबर. त्यावर संदेश टाकला की आयडी मिळायचा आणि पैसे कुणा तिऱ्हाइताच्या नावाने उघडलेल्या बँक खात्यात भरायचे. इथे कुकी नाही, लिंकही नाही. वाटणीचं तत्त्व मात्र माल्टातल्या एखाद्या मोठ्या अ‍ॅफिलिएट कंपनीसारखंच. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने महादेवसह बावीस अ‍ॅप आणि वेबसाइट रोखल्या.

मग २०२५ चा ऑगस्ट आला. ऑनलाइन गेमिंगचं प्रोत्साहन आणि नियमन करणारं विधेयक २० तारखेला लोकसभेत आलं आणि त्याच दिवशी संमत झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची संमती. पैशाच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ड्रीम११ ने पैशाच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं. खेळणाऱ्याला कायद्याने गुन्हेगार ठरवलं नाही, आणि हे फार बरं केलं. कलम ६ जाहिरातीचं आहे: प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे अशा खेळाकडे ओढणारी जाहिरात करणं, करवणं, तिला मदत करणं, सगळं गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टेलिग्रामवरचा टिप देणारा या कलमात सरळ बसतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८८७ च्या आपल्या जुगार प्रतिबंधक कायद्यात कलम १२-अ आहे. जुगाराला मदत व्हावी या हेतूने एखादं पत्रक, बातमी किंवा माहिती छापणाऱ्याला, विकणाऱ्याला, वाटणाऱ्याला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. मटक्याचे आकडे छापणाऱ्यांवर त्याचा वापर होत आला आहे. बेलिंगहॅमच्या माणसाला जो धाक पडला, तो आपल्याकडच्या छापखानेवाल्याला कितीतरी आधीपासून माहीत होता. पत्रकाची गठडी जप्त करता यायची. सायप्रसमधल्या सर्व्हरवरून चालणारी आणि दर आठवड्याला नाव बदलणारी वाहिनी जप्त होत नाही.

म्हणून मला जर्मनीचं एक कलम फार मोलाचं वाटतं. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या जर्मन राज्यांच्या जुगार कराराच्या पाचव्या कलमात एक नियम आहे: इंटरनेटवरच्या जुगाराच्या जाहिरातीसाठी, विशेषतः अ‍ॅफिलिएट लिंकसाठी, उलाढालीवर, भरलेल्या पैशावर किंवा लावलेल्या पैजेवर अवलंबून असणारा बदलता मोबदला ठरवायचा नाही आणि द्यायचाही नाही. म्हणजे लिंक द्या, लेख लिहा, त्याचे ठरलेले पैसे घ्या, पण कुणाच्या हरण्यात वाटा मागू नका. परदेशी बेकायदा कंपन्यांवर याचा जोर चालत नाही, ही त्याची मर्यादा आहे. तरी कायदेशीर बाजारात हे कलम नेमकं त्या ठिकाणी घाव घालतं जिथे लिहिणाऱ्याचं हित वाचकाच्या हिताच्या विरुद्ध जातं.

भारतात सगळा पैशाचा खेळच बंद असल्याने मोबदल्याच्या रीतीचा प्रश्न वरवर गैरलागू वाटेल. माझ्या मते तो इथेच सर्वात महत्त्वाचा आहे. आपल्या कायद्याचं कलम ५ पैशाचा खेळ चालवण्याविषयी आहे आणि त्यात चालवण्याला साथ देणं, मदत करणंही येतं. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा अजामीनपात्र आहे. एखाद्या रीलमध्ये ठरावीक पैसे घेऊन एकदा नाव घेणारा तरुण आणि हजारो मुलांच्या नुकसानीतून महिनोन्महिने तीस टक्के खाणारा वाहिनीचालक, या दोघांना कलम ६ एकाच मापाने मोजतं. दुसऱ्याचं काम जाहिरातीपुरतं नाही, तो धंद्याचा वाटेकरी आहे. न्यू जर्सीच्या नियामकाने हा फरक परवाना देताना केला. आपल्याकडे तपास अधिकाऱ्याला तो आरोपपत्र लिहिताना करता येईल. त्यासाठी पुरावा फार लांब शोधावा लागत नाही. संदेशाच्या तळाशी असलेला प्रोमो कोड एजंटाला लपवता येत नाही, कारण तो लपवला तर त्याला कमिशन मिळणार नाही. एकच कोड वेगवेगळ्या नावांच्या बारा वाहिन्यांवर दिसला तर त्या बारांमागे एक माणूस आहे. आणि त्या कोडवरून कोणत्या खात्यात, दर महिन्याला की एकदाच, किती पैसे आले, हे बँकेच्या उताऱ्यात उघड दिसतं.